तक्रार पुन्हा उघडली

"जरा... हे वाचून दाखवता का मला?"

मी मान वर केली. डोळ्यांच्या दवाखान्यातल्या लांब बाकावर, माझ्यापासून हातभर अंतरावर बसलेला एक तरुण माझ्यापुढे मोबाइल धरून होता. मोबाइल उलटा होता.

"आधी सुलटा तरी करा," मी म्हटलं.

"बघा, म्हणजे माझी अवस्था लक्षात आली असेल." तो हसला. "डोळ्यांत औषध घातलंय. दोन तास जवळचं काही दिसणार नाही म्हणाले. आणि मला बाराच्या आत एका पत्राला उत्तर द्यायचंय."

भिंतीवर साडेअकरा वाजले होते. बाबांना आत तपासायला नेलं होतं आणि मला तसं काहीच काम नव्हतं. मी त्याच्याकडे नीट पाहिलं. औषधानं त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या एवढ्या मोठ्या झाल्या होत्या की डोळे नुसते काळेभोर दिसत होते. चेहरा मात्र असा, की रस्ता विचारायला लोक यालाच थांबवत असतील.

"द्या," मी म्हटलं आणि मोबाइल हातात घेतला.

पहिली ओळ वाचली आणि मी ती पुन्हा एकदा वाचली.

तक्रार क्रमांक चार हजार एकशे बारा. तक्रारदार – खारूताई.

खारूताई म्हणजे मी.

आता हे जरा उलगडून सांगायला हवं. मी एका रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. कुठला नमुना कुणाचा आणि कुठला रिपोर्ट कुणाला, हे जुळवणारा प्रोग्राम माझा. तो मी एका छोट्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिला आहे. ती भाषा कुठल्या कंपनीची नाही. दहा-बारा हौशी माणसं आपापली नोकरी सांभाळून ती चालवतात. दोन आठवड्यांपूर्वी आमच्या यादीतून एका बाईंची ओळ गायब झाली. नमुना होता, नाव नव्हतं. बिचाऱ्या बाईंना पुन्हा येऊन रक्त द्यावं लागलं. आमच्या मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लोटून घेतलं. "चूक शोधा. महिनाअखेरपर्यंत नाही सापडली तर हा प्रोग्राम बंद. मग आपली वही बरी आणि पेन बरं."

नऊ दिवस मी माझी प्रत्येक ओळ चाळणीतून काढली. माझ्यात खोट नव्हती. खोट खुद्द भाषेत होती! तसं मी तिच्या बगांच्या, म्हणजे चुकांच्या, यादीत रीतसर लिहिलं. आणि त्या यादीची राखण करणाऱ्या 'कासव' नावाच्या कुणा गृहस्थानं तीन शब्दांत माझी तक्रार बंद करून टाकली – 'पुन्हा घडत नाही.'

दवाखान्याच्या त्या सकाळीच मी त्याला खरमरीत उत्तर पाठवलं होतं. ते आता माझ्याच हातात होतं. आणि कासव शेजारी बसून डोळे मिचकावत होतं.

"काय झालं? अक्षर बारीक आहे का?"

"नाही, नाही... वाचते." मी घसा साफ केला. "'कासव यांस. तुम्ही माझी तक्रार वाचलीच नाही असं म्हणणं बरं दिसणार नाही. म्हणून ती तुम्ही डोळे मिटून वाचलीत, असं म्हणते.'"

तो एवढ्या मोठ्यानं हसला की काउंटरवरच्या नर्सनं मान वळवून पाहिलं.

"तिखट आहे हो बाई!"

"बाई कशावरून? एखादा मिशीवाला असेल."

"मिशीवाला असला तरी लिहितो झकास. पुढे?"

पुढे वाचताना माझे कान गरम झाले होते. "'यादी वाचत असतानाच तिच्यात नवी ओळ घातली, तर कधीतरी एखादी जुनी ओळ गळते. इथे ओळ म्हणजे एक माणूस आहे, एवढं ध्यानात असू द्या.'"

त्याचं हसू हळूहळू मावळलं. "माणूस... हे आधीच्या पत्रात नव्हतं." "पण मी हजार वेळा करून पाहिलं हो. दहा ओळींची यादी घेतली, एकदाही गळली नाही."

"दहानं काय होणार? सोळा भरू द्या. सतरावी आत आली की यादी आपली जागा वाढवते. नेमकी तेव्हाच –"

मी जीभ चावली.

"हे लिहिलंय त्यात?" त्यानं विचारलं.

"हो. म्हणजे... खाली. अगदी खाली."

खाली काही नव्हतं. हे मला सकाळी, बाबांची रिक्षा यायच्या वेळी सुचलं होतं आणि लिहायचं राहून गेलं होतं.

तो समोरच्या भिंतीकडे बघत बसला. बोटं मात्र गुडघ्यावर काहीतरी मोजत होती. सुंदर बोटं होती... मी उगाचच दुसरीकडे पाहिलं.

"तुम्ही लिहाल? मी सांगतो," तो म्हणाला. "'तक्रार पुन्हा उघडत आहे. घाई माझी झाली, क्षमस्व. या वेळच्या दुरुस्त्यांमध्ये ही घेतली आहे.' आणि पाठवा. बारा वाजले की दुरुस्त्यांची यादी बंद होते, मग तीन महिने थांबावं लागलं असतं."

आपल्याच पत्राचं उत्तर आपणच टाइप करून आपल्यालाच पाठवायचं! मी बटण दाबलं आणि माझ्या पर्समधला फोन टुणकन वाजला. मी पर्स पोटाशी घट्ट धरली.

"ठमे, चल गं!" बाबा बाहेर आले होते. "नंबर वाढला नाही म्हणे. मीच म्हातारा झालोय."

मी उठले. तो तरुणही उठला. "तुमचे आभार कसे मानू? चेहरासुद्धा धड दिसत नाहीये. पिवळं धुकं दिसतंय नुसतं."

"ओढणी आहे ती," मी म्हटलं आणि पळाले.

खरं सांगायला हवं होतं. पण काय सांगणार? आणि मनाच्या एका कोपऱ्यात मजाही वाटत होती, नाही कशाला म्हणू!

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा पहिला पॅच आला. म्हणजे भाषेच्या फाटक्या जागी लावायचं ठिगळच ते. 'तुमच्याकडे लावून बघाल?' मी लावलं. ओळ तरीही गळली. दुसऱ्या पॅचनं गळणं थांबलं, पण यादी अशी रांगायला लागली की विचारू नका.

'तुमच्या नावाला शोभेल असा वेग आहे,' मी लिहिलं.

'नावं ठेवा. पण आकडे पाठवा,' त्याचं उत्तर.

मी आकडे पाठवले. तो शंका पाठवायचा, मी उत्तरं. हळूहळू पत्रांच्या आधी 'शुभ सकाळ' आलं. मग 'चहा झाला का' आलं. मग एकदा नुसतंच, 'आज तुमचं पत्र उशिरा आलं...' त्या तीन टिंबांकडे मी डबा खाता खाता किती वेळ बघत बसले, कोण जाणे.

"तुमचे ते बग इतके विनोदी असतात होय?" बाबांनी पेपराआडून विचारलं.

"का?"

"फोनकडे बघून हसतेयस म्हणून विचारलं. नाही सांगायचं तर नको सांगू."

पुढच्या आठवड्यात शुक्रवारी मात्र त्याचं पत्र आलं ते मला एकटीला नव्हतं, भाषा चालवणाऱ्या सगळ्या मंडळाला होतं. पाणी नेमकं कुठे मुरत होतं ते त्याला सापडलं होतं. दीड वर्षापूर्वी वेग वाढवायला कुणीतरी एक ओळ बदलली होती, तिच्यामुळेच हे सगळं झालं होतं.

'ती ओळ मी लिहिली होती,' त्यानं लिहिलं होतं. 'ज्यांनी चूक दाखवली त्यांनाच मी खोटं ठरवलं. एका प्रयोगशाळेत माणसाचं नाव त्यामुळे गळलं. दुरुस्ती सोबत जोडली आहे. ती झाली की ही राखण दुसऱ्या कुणी सांभाळावी, अशी माझी विनंती आहे.'

मी ते दोनदा वाचलं. ज्या माणसाला मनातल्या मनात लाखोली वाहिली होती, तोच आता स्वतःला एवढं बोल लावून घेत होता... आणि मला ते सोसवत नव्हतं. मी लगेच उत्तर लिहिलं. पुसलं. पुन्हा लिहिलं. शेवटी ठरवलं, आधी पॅच चालवून बघू. नुसत्या गोड बोलण्यानं त्याचं समाधान होणार नाही.

शनिवारी दुपारी, नमुने घेणं आटोपल्यावर, मी प्रयोगशाळेत एकटीच बसले. यादी सोळाची भरायची, सतरावी घालायची, मोजायचं. एक लाख वेळा. पडद्यावरचा आकडा वाढत होता आणि मी खुर्चीच्या कडेवर. साठ हजार... ऐंशी हजार... एक लाख. गळलेल्या ओळी – शून्य.

मी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रडू येत होतं की हसू, मलाच कळेना. इतक्या दिवसांचं मानेवर बसलेलं काहीतरी उठून निघून गेलं होतं.

मॅडम दारात उभ्या होत्या. "काय झालं? बरं आहे ना?"

"सापडली चूक. दुरुस्तही झाली. माझ्यात नव्हती, मॅडम. भाषेत होती."

त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. स्वतःच्या हातातला चहाचा कप माझ्यापुढे ठेवला. "त्या दिवशी मी जे बोलले, ते... घ्या, गरम आहे तोवर प्या." मॅडमकडून याहून जास्त कुणी ऐकलं नसेल. मी तो चहा घोट घोट करत प्याले.

मग त्याला लिहिलं. 'एक लाख वेळा. एकही गळली नाही. आता दोन गोष्टी. पहिली – ती ओळ मी लिहिली, असं सगळ्यांसमोर सांगणारा माणूसच मला राखणीला हवा आहे. दुसरा कुणी नको. दुसरी गोष्ट सांगायला जरा अवघड आहे. गेल्या आठवड्यात बुधवारी दवाखान्यात –'

पाठवायच्या आधीच त्याचं आलं. जणू पलीकडून तो माझं लिहिणं ऐकत होता.

'निकाल काय लागला ते कळवा. आणि एक विचारायचं होतं. तुमच्या पत्रात सतरा हा आकडा कुठेच नाही. गेल्या आठवड्यात, बुधवारी संध्याकाळी डोळे ठीक झाल्यावर मी ते तीनदा वाचलं. मग तो आकडा मला कुणी सांगितला?'

माझ्या कोपराचा धक्का लागून रिकामा कप लवंडला.

'म्हणजे तुम्हाला त्या बुधवारपासून माहीत होतं?' मी लिहिलं.

'हो.'

'मग बोलला का नाहीत?'

'पिवळं धुकं आपणहून बोलेल म्हणून थांबलो होतो. शिवाय... तुम्ही चिडाल आणि पत्रं बंद होतील, अशी भीती होती.'

मी माझं अर्धवट पत्र जसंच्या तसं पाठवून दिलं. पडदा बंद केला, टेबल आवरलं. मग आलं – 'उद्या भेटाल? सकाळी दहा, दवाखान्याजवळच्या वाचनालयात.'

रविवारी वाचनालयाचं दार बंद होतं. साफसफाईसाठी, असं पाटीवर लिहिलं होतं. दहा वाजले, सव्वादहा झाले. वारा सुटला होता, पायऱ्यांवर वाळकी पानं घरंगळत होती आणि माझ्या मनात नाही नाही ते येत होतं. पत्रातला माणूस निराळा आणि समोरचा निराळा निघाला तर? किंवा आलाच नाही तर? साडेदहाला मी उठले, ओढणी सावरली आणि तेवढ्यात तो कोपऱ्यावरून धावत येताना दिसला. घामाघूम, धापा टाकत.

"बस... मधेच बंद पडली... तिथून पळत..."

"आधी श्वास घ्या."

त्यानं श्वास घेतला. आज त्याचे डोळे नेहमीसारखे होते, तपकिरी, आणि ते पहिल्यांदाच मला नीट बघत होते. मी मनात म्हटलं, आता हा काहीतरी गोड बोलणार.

"त्या बाई बऱ्या आहेत ना?" त्यानं विचारलं. "ज्यांचं नाव गळलं होतं, त्या?"

गोड बोलणं दूरच राहिलं.

"पत्रात विचारायचा धीर झाला नाही," तो म्हणाला. "उत्तर वाईट आलं असतं तर..."

"ठणठणीत आहेत," मी म्हटलं. "दुसऱ्यांदा रक्त दिलं, रिपोर्ट अगदी चांगला आला. जाताना मलाच म्हणाल्या, किती वाळलीयस, जेवत जा जरा."

तो मटकन पायरीवर बसला. डोळे मिटले, आणि इतका लांब सुस्कारा सोडला की माझाही श्वास त्याच्याबरोबर मोकळा झाला. मी त्याच्या शेजारी बसले. या वेळी मधे हातभर अंतर ठेवलं नाही.

"राखण सोडणार नाही ना?" मी विचारलं.

"तुम्ही तक्रारी करत राहणार असाल, तर नाही."

"मी भरपूर करते. घरी विचारा."

"घरी विचारायचंच आहे," तो म्हणाला आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. "म्हणजे... एवढ्यात नाही... म्हणजे, मला तुम्ही आवडता. पुढचंही पाठ करून आलो होतो, पण धावता धावता सगळं सांडलं वाटेत."

वाऱ्यानं एक पान त्याच्या केसांत आणून टाकलं होतं. मी ते काढलं. हात परत घ्यायला मला जरा वेळच लागला.

"पुढचं राहू दे," मी म्हटलं. "मला तेवढंच ऐकायचं होतं. आणि मलाही... तुम्ही..."

"एक मिनिट. तक्रार आहे."

"आता कसली?"

"या 'तुम्ही'ची. इतक्या जवळ बसून बरं वाटत नाही ते." तो हळूच म्हणाला, "मी 'तू' म्हणू?"

मी हसले. कितीतरी दिवसांनी, अगदी पोटातून.

"म्हण ना," मी म्हटलं. "अरे, म्हण ना!"