मुंगींची घडी

प्रभाकर मुंगींची घडी उज्जैनच्या माधव नगरात प्रसिद्ध होती. शेजारणी लग्नाहून आल्या की आपल्या चंदेरी-महेश्वरी साड्या त्यांच्याकडे घडीला टाकून जात, आणि सुमनताई प्रत्येकीला तेच ऐकवत, "लोकांचे नवरे एअरफोर्समध्ये विमानं उडवतात. आमच्या ह्यांनी बावीस वर्षं चादरी घडी केल्या!"

त्या चादरी म्हणजे पॅराशूट. मुंगी ती तपासत, वाळवत, घडी घालून पिशवीत बसवत आणि सोबतच्या कार्डावर सही करत. उडणारा माणूस आत उघडून पाहत नसे, सही पाहत असे. ज्याचं पॅराशूट वेळेला उघडलं तो सुखरूप उतरल्यावर मिठाईचा डबा घेऊन घडी घालणाऱ्याकडे यायचा, असा त्यांच्या युनिटमधला रिवाज होता. मुंगींना नोकरीत असे तीन डबे मिळाले. ते किस्से सुमनताईंना तोंडपाठ होते.

चौथा किस्सा त्यांना ठाऊक नव्हता. अडुसष्टचा पावसाळा. एक पॅराशूट काढून दिवसभर टांगून वाळवायचं होतं. सर्द कापड चिकटतं, हे मुंगींना कोणी शिकवायला नको होतं. पण संध्याकाळी उज्जैनची गाडी होती. घरच्यांनी मुलगी पाहायला बोलावलं होतं. मुंगींनी पिशवी न उघडताच कार्डावर तारीख घातली, सही ठोकली आणि गाडी पकडली. मुलगी पसंत पडली. परत गेले तेव्हा तेच पॅराशूट नेलेल्या फ्लाइंग ऑफिसर जयंतच्या फोटोला हार होता. चौकशीत ठरलं की साहेबांनी विमानातून उडी फार कमी उंचीवर मारली, चूक त्यांचीच. मुंगी गप्प राहिले. सुमनताईंना तरी कुठल्या तोंडाने सांगणार? ज्या मुलीसाठी ती घाई केली, ती त्याच तर होत्या.

त्र्याण्णवच्या डिसेंबरात एका दुपारी मुंगी देवास गेटहून भाजी घेऊन आले, तर टेबलावर पेढ्यांचा डबा.

"कोणी जवान मुलगा येऊन गेला," सुमनताई म्हणाल्या. "बसून घ्या म्हटलं तर मनाच करून दिलं. 'कार्पोरल मुंगी को थँक यू बोलना,' म्हणाला. मी टोकलं, वॉरंट ऑफिसर होऊन रिटायर झालेत म्हणून. तर हसला."

मुंगी कार्पोरल होते ते अडुसष्टात.

"दिसायला कसा होता?"

"अच्छा होता. फक्त केस उभेच्या उभे. जसं कोणी खालून पंखा लावलाय."

कोणा जुन्या साहेबाचा मुलगा असेल, मुंगींनी स्वतःला समजावलं. पण खाई त्याला खवखवे. पेढ्यांचा डबा त्यांनी तसाच झाकून ठेवला. शेवटी ते कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवाल्या श्रीधरला विचारायला गेले.

"हाँ, आपका पता पूछ रहा था," श्रीधर म्हणाला. "शर्ट ऐसे फड़फड़ा रही थी उसकी!"

"हवा थी क्या?"

श्रीधरने गल्ल्याजवळच्या अगरबत्तीकडे पाहिलं. "हवा तो नहीं थी, मुंगीजी. मेरी अगरबत्ती का धुआँ सीधा जा रहा था."

पुढच्या मंगळवारी मुंगी सकाळीच क्षिप्रेच्या राम घाटावर गेले आणि जयंतसाहेबांच्या नावाने पाणी सोडायला बसले. गुरुजींनी गोत्र विचारलं. ते मुंगींना माहीत नव्हतं. ज्या माणसामुळे पंचवीस वर्षं झोप नीट लागली नाही, त्याच्याविषयी आपल्याला काहीच ठाऊक नाही, याची त्यांना लाज वाटली.

घरी आले तर दुसरा डबा.

मग मात्र ते घराबाहेर पडले नाहीत. रविवारी दुपारी तीनला तो फाटकात उभा राहिला. पंचविशीचा, हातात डबा. दोरीवरच्या चादरी जागच्या हलत नव्हत्या. त्याच्या शर्टाची कॉलर हनुवटीवर वर वर फडफडत होती.

"सर," मुंगींच्या तोंडून आपोआप निघालं. ते ताठ उभे राहिले.

"खुलने के बाद थँक यू बोलने का रिवाज है, मुंगी. मैंने सोचा, पहले ही बोल दूँ."

"पहले?"

"अभी खींचा कहाँ है? नीचे ही आ रहा हूँ." तो मोकळेपणाने हसला. "कार्ड पर तुम्हारे साइन देखे थे. इसलिए बेफिक्र हूँ. खुलेगा न?"

आता सांगायला हवं होतं. वाक्य जिभेवर आलंही.

मागे दारात सुमनताई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. "सांगा की हो," त्या कौतुकाने म्हणाल्या. "ह्यांची घडी आहे, भैया. खुलेगाच!"

"खुलेगा, सर," मुंगी म्हणाले.

त्यांना स्वतःची किळस आली.

त्याने डबा कठड्यावर ठेवला. छातीवरच्या, पॅराशूटच्या न दिसणाऱ्या कडीत बोट अडकवलं आणि फाटकाबाहेर पाऊल टाकलं. बाहेर रस्त्यावर कोणीच नव्हतं.

"अहो, चहा तर..." सुमनताई अंगणात आल्या, थबकल्या, आणि वर आभाळाकडे पाहू लागल्या.

मुंगींनी वर पाहिलं नाही. ते बायकोचा चेहरा पाहत राहिले. कडी ओढल्यावर तीन आकडे मोजायचे, तिसऱ्याला उघडतं. त्यांनी मोजलं.

एक. सुमनताईंची मान खाली येऊ लागली.

दोन.

तीन.

"अहो," त्या पुटपुटल्या, "ते उघडत का नाहीये?"

चार.

नजर समोरच्या गच्चीपर्यंत आली. मग भिंतीवर. मग रस्त्यावर.

आवाज काहीच झाला नाही.

सुमनताईंची नजर जमिनीवर टेकली, आणि तिथून सावकाश मुंगींकडे वळली.