अर्धी ठेवायची गोष्ट

डॉ. मुजावरांनी बोटाएवढ्या कुपीचं बूच काढलं आणि कुपी सुलभाबाईंच्या नाकाखाली धरली.

"कसला वास येतोय?"

सुलभाबाईंनी दोनदा खोल श्वास घेतला. "कसलाच नाही, सर. पाणी आहे का हे?"

"आता तिकडे बघा," डॉक्टर म्हणाले.

गंधशाळेच्या काचेपलीकडच्या खोलीत सहा मुलं चिखलाचे बैल करत बसली होती. डॉक्टरांनी ती कुपी भिंतीतल्या छोट्या झरोक्यात ठेवली आणि पंखा लावला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग एका मुलीचे हात थांबले. तिनं नाक वर केलं. पाठोपाठ सगळ्यांचीच नाकं वर झाली. सहाही मुलं उठली, अर्धे बैल तिथंच टाकून मागच्या दारानं बाहेर पडली आणि एकामागे एक समोरचा चढ चढू लागली. कुणी ओरडलं नाही, कुणी मागे वळून पाहिलं नाही.

सुलभाबाईंच्या अंगावर सरसरून काटा आला. वीस वर्षं त्या शिकवत होत्या. खोलीतून गपचूप बाहेर जाणारी सहा-सात वर्षांची मुलं त्यांनी आजवर पाहिली नव्हती.

"हा मूळगंध," डॉक्टर म्हणाले. "डोंगर सुटायच्या आधी आत मुळं तुटायला लागतात. तुटलेल्या मुळांतून हा वायू निघतो. दरड कोसळायच्या साधारण अर्धा तास आधी तो वर येतो. तुम्हाआम्हाला तो कळत नाही."

"यंत्राला कळत असेल की."

"उन्हाळ्यात कळतो. पावसाळ्यात यंत्राला सर्दी होते. आणि दरडी कोसळतात पावसाळ्यातच."

"मग कुत्री ठेवा."

डॉक्टर हसले. "ठेवली होती. कुत्र्याला कळतं, पण ते भुंकलं की वाडी म्हणते, बिबट्या आला असेल, दारं लावून घ्या. लोक घरातच बसतात. मुलाला बोलता येतं, बाई. शिवाय आठ वर्षांच्या आतलं नाक अजून घडत असतं. त्याला शिकवलं तर ते हजारपट तीक्ष्ण होतं. मात्र ते एकाच गोष्टीनं होतं."

"कशानं?"

"भीतीनं. मूल खरोखर घाबरलेलं असताना हवेत जो वास असेल, तो वास नाक जन्मभर धरून ठेवतं. नुसतं सांगून, चित्रं दाखवून काही होत नाही. आम्ही याला भयगंध-संस्कार म्हणतो. त्यासाठी मला अशी माणसं हवीत, ज्यांची गोष्ट ऐकून मुलांना खरंच कापरं भरेल. तुमचं नाव तीन तालुक्यांतून आलं."

स्तुती कुणाला आवडत नाही? पण सुलभाबाईंना ती आवडली नाही. त्यांची वाडी काळकड्याच्या पायथ्याशी होती. मागच्या पावसात कड्याखालची दोन घरं रात्रीत नाहीशी झाली होती, आणि त्यांच्या रानवर्गातल्या चौदा मुलांत त्यांची स्वतःची ओवी होती. नाही म्हणायला तोंड नव्हतं.

"नियम तीन," डॉक्टरांनी निघताना बजावलं. "धड्याच्या दिवशी तुम्ही तेल, साबण, गजरा काही लावायचं नाही. मुलांकडून वारा तुमच्याकडे यायला हवा, तुमच्याकडून मुलांकडे नाही. नाहीतर मुलं मूळगंधाऐवजी तुमचा वास शिकतील. दुसरं, भीती शिगेला पोचली की मुलांना कातळावर पळवायचं. आणि तिसरं सगळ्यांत महत्त्वाचं. गोष्ट अर्धीच ठेवायची. शेवट सांगायचा नाही."

"अर्धी गोष्ट?" सुलभाबाई म्हणाल्या. "आमच्याकडे अर्धी गोष्ट टाकून उठत नाहीत, सर."

"यापुढे उठायचं."

वाडीचा रानवर्ग उंबराखाली भरायचा. कड्याच्या कुशीत ओढ्याकाठी जुना उंबर होता, त्याची मुळं बाकांसारखी बाहेर आली होती आणि मुलं त्यांवर बसून पानांचे ठसे काढायची, मुंग्यांची रांग मोजायची, पक्ष्यांचे आवाज ओळखायची. तिथून बाजूच्या डोंगरसोंडेवरून पायवाट वर कातळावर जायची. कातळ एकसंध, काळा, रुंद. तो काही सुटणारा नव्हता.

सुलभाबाईंनी मुळकीची गोष्ट रचली. मुळकी डोंगराच्या पोटात राहते. तिला डोळे नाहीत, दात मात्र आहेत. ती अंधारात मुळं चावत बसते, कुरुम कुरुम. सगळी मुळं संपली की ती वर येते. त्यांनी आवाज खाली आणला की चौदाही मुलं एकमेकांना चिकटायची. मग मुळामागे दडवलेली, डॉक्टरांनी दिलेली मूळगंधाची पेटी हळूच उघडायची आणि ओरडायचं, "आली! वर पळा!"

पहिले दोन धडे त्यांनी नियमानं घेतले. पोरं कातळावर पोचायची आणि तिथं रडत बसायची. छोट्या मल्हारला तर दोन दिवस ताप भरला. ओवी शाळेत आईला बाईच म्हणायची, तशी शिस्तच होती, पण घरी रात्री आईच्या वेणीत नाक खुपसून ती विचारायची, "आई, मुळकीचं पुढं काय झालं गं?" घरी कढवलेल्या माक्याच्या तेलाचा वास त्या वेणीला असायचा. तो वास आला की ओवीला झोप लागायची.

तिसऱ्या धड्यानंतर सुलभाबाईंना राहवलं नाही. बाईचं काळीज, दुसरं काय! मुलांना कातळावरून खाली आणून त्यांनी उंबराखाली गोल बसवलं, पदराखालून राजगिऱ्याचे लाडू काढले आणि गोष्ट पुरी केली. मुळकी म्हातारीला कशी डुलकी लागली, ती कशी घोरू लागली, नाकातून गांडुळं कशी बाहेर आली. मुलं खदखदून हसली. "साठा उत्तरांची कहाणी," बाई म्हणाल्या, आणि चौदा तोंडांनी उत्तर दिलं, "सुफळ संपूर्ण!"

पुढचे नऊही धडे असेच झाले. डॉक्टरांना त्या काही बोलल्या नाहीत. मुलं वास ओळखत होती, कातळावर पळत होती, आणि वर मजेत होती. सापही मेला आणि काठीही वाचली, असं त्यांना वाटलं.

श्रावणातल्या एका दुपारी नऊ दिवसांचा पाऊस थांबला. धडा नव्हता. सुलभाबाईंनी सकाळी न्हाऊन केसांना तेल चोपडलं होतं. सोंडेच्या पायथ्याशी मुलं गवतफुलं गोळा करत होती. सगळ्यांत आधी ओवीनं नाक वर केलं.

"बाई, मुळकी," ती म्हणाली.

सुलभाबाईंना ओल्या मातीखेरीज कशाचाच वास येईना. पण एकेक करत चौदाही मुलं ताठ उभी राहिली, हातातली फुलं खाली पडली. बाई घाबरल्या, तरी त्यांना अभिमानही वाटला. शिकलं पोरांनी! "चला, वर," त्या म्हणाल्या आणि सोंडेच्या वाटेकडे वळल्या.

मागे पावलं वाजली नाहीत. त्यांनी वळून पाहिलं. मुलं खाली पळत होती, ओढ्याकडे, कड्याच्या कुशीत.

त्या धावत उंबराखाली पोचल्या तेव्हा मुलं मुळांवर गोल बसलेली होती. चेहरे पांढरेफटक, ओठ थरथरताहेत, पण जागचं कुणी हलत नव्हतं. मल्हारनं लाडवासाठी ओंजळ पुढे केली होती.

"बाई, सांगा ना लवकर," ओवी म्हणाली. "संपवा ना गोष्ट."

तेव्हा सुलभाबाईंना कळलं. भीती कातळावर संपत नव्हती. ती इथं संपत होती, या झाडाखाली, बारापैकी दहा वेळा त्यांनीच ती इथं आणून संपवली होती. जिथं भीती संपते तिथं मूल पळणार, यात मुलांचं काय चुकलं?

त्यांनी दोघांना दंडाला धरून ओढलं, तिसऱ्याकडे वळेपर्यंत ते दोघे परत जागेवर. चौदा मुलं होती आणि हात दोनच. ओरडून झालं, हात जोडून झाले. डोक्यावर कड्यातून खडे घरंगळू लागले होते. ओढ्याचं पाणी बघता बघता चहासारखं झालं होतं.

या जागेपेक्षा मोठी भीती हवी होती, आणि ती इथंच, याच जागी उठायला हवी होती.

सुलभाबाईंनी वेणी सोडली. ओढ्याकाठचा लाल चिखल तोंडाला फासला, डोळ्यांवर थापला. उंबराचं एक कोवळं मूळ उपटून दातांत धरलं आणि चावत, मुलांकडे रांगत, त्या मुळकीच्या आवाजात बोलू लागल्या. "संपली... सगळी मुळं संपली..."

मुलं दचकली. पण ओवी मात्र खुदकन हसली आणि शाळेत कधी न उच्चारलेला शब्द तिच्या तोंडून गेला. "आई, हे काय गं!"

त्या हसण्यानं सगळं बिघडणार होतं. सुलभाबाईंनी पोरीच्या तोंडात मारली. आयुष्यात पहिल्यांदाच, आणि पूर्ण ताकदीनं. मग तिचे दोन्ही दंड धरून तिला इतकं जवळ ओढलं, की मोकळे केस तिच्या तोंडावर पडले, आणि तिच्या कानाशी त्या किंचाळल्या, "तुझी आई मी आधीच खाल्ली!"

ओवीच्या तोंडून जो आवाज निघाला तो त्यांनी कधी ऐकला नव्हता. तिनं हात हिसडले आणि ती पळाली. तेरा मुलं तिच्या मागे उधळली. सुलभाबाई करवंदीची फांदी घेऊन, खालची वाट अडवत, घुमत, किंचाळत त्यांच्या मागे गेल्या. एक मूल पडलं, त्यालाही त्यांनी उचललं नाही, फटकारून उठवलं. सोंडेवरून, वर, कातळावर.

मग मागे डोंगर सुटला. आवाज बराच वेळ चालला. तो थांबला तेव्हा उंबर नव्हता, ओढा नव्हता, कुशीच नव्हती. चौदा मुलं कातळाच्या पार टोकाला एकमेकांना घट्ट धरून उभी होती. सुलभाबाईंनी तोंडावरचा चिखल पुसला, दोन पावलं पुढे टाकली आणि म्हणाल्या, "ओवी, बाळा, मी आहे." मुलं किंचाळत कड्याच्या धारेकडे सरकली. त्या जागीच थांबल्या. वाडीतली माणसं येईपर्यंत पुन्हा सुरू झालेल्या पावसात तशाच दूर बसून राहिल्या.

"त्या दिवशी केसांना तेल होतं?" डॉ. मुजावरांनी नंतर विचारलं.

"होतं. धडा नव्हता ना, सर."

"तेल सोडून बघा. पण प्रश्न नुसत्या तेलाचा नाही, बाई. इतक्या जवळून, इतकी भीती... त्यांनी तुमच्या अंगचा वास धरला असणार."

"पुसता नाही येत?"

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. "त्याच्यावर दुसरं काही लिहिता येतं. लाडू देऊन, जवळ घेऊन, तुम्ही लिहिलं होतंत तसं. पण त्यासाठी आधी त्यांनी तुम्हाला जवळ येऊ द्यायला हवं."

ओवी आत्याकडे राहायला गेली. घरातल्या गोधड्यांना आईचा वास होता, ती उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेना. आईचं नाव काढलं की ती समजूतदारपणे म्हणायची, "मला माहितेय, आईनं आम्हाला वाचवलं." तिला सगळं कळत होतं. तिच्या नाकाला ते कोण समजावणार?

सुलभाबाईंनी तेल सोडलं. केस कापून टाकले. महिनाभर नुसत्या गरम पाण्यानं अंग खसखसून घासलं, साडी उन्हात आठ-आठ दिवस वाळवली. कार्तिकात एका सकाळी त्या सोंडेच्या खालच्या झाडीत जाऊन उभ्या राहिल्या. नव्या बाईंचा रानवर्ग आता माळावर भरत होता. दोनशे पावलांवर मुलं बसलेली, वारा मुलांकडून येत होता. त्यांना ओवीची पाठ दिसली. मल्हारला पडलेल्या दातांच्या जागी नवे दात आले होते. कोण तरी गाणं म्हणत होतं, आणि ओवी टाळ्या वाजवत होती. एवढंच बघून परत फिरायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

गवत एकदा त्यांच्याकडे वाकलं, थांबलं, आणि मग पलीकडे, मुलांच्या दिशेनं वाकलं.

गाणं मध्येच तुटलं. सगळ्यांत आधी ओवीनं नाक वर केलं. तिनं इकडेतिकडे पाहिलंसुद्धा नाही, फक्त हात वर करून ती म्हणाली, "चला, वर." चौदा मुलं उठली आणि एकामागे एक कातळाकडे चालू लागली. रडली नाहीत, खाली वळली नाहीत. अगदी तीन नियमांत सांगितलं होतं तसंच.

कुणीही मागे वळून पाहिलं नाही. सुलभाबाई पदराचा बोळा तोंडात धरून, ओवी वर पोचेपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या.