पाचवा गजगा

चोरीला काय गेलं, ते ऐकून प्रफुल्लला हसू आवरेना. एक गजगा! मुली अंगणात खेळतात तो राखाडी, गुळगुळीत सागरगोटा.

"हसू नकोस," वंदनाताईंनी दटावलं. हुडको वसाहतीतल्या त्या एकमेव खासगी गुप्तहेर; प्रफुल्ल त्यांचा मदतनीस, पायांनी चपळ, डोक्यानं सावकाश.

समोर स्टील प्लांटमधून रिटायर झालेले मारोतराव बसले होते. मुठीत उरलेले चार गजगे.

"आमच्या कलावतीचे हायेत जी. माहेराहून आणले होते. पायरीवर गजगा घासून गरम करे, अन् मले चटका दे. मंग हासत बसे." बायको गेली, पण तिची आठवण काही केल्या जात नव्हती. "कोहक्याले घर बांधलं तं म्हणे, कुंपणाले गजग्याची काटेरी वेल लावू, माहेरी साकोलीकडं होती तशी. राहूनच गेलं."

"संशय कोणावर?"

"कामवाली नलू. तिच्या पोराचं पोट दुखून राहिलं होतं, तं औषधाले गजगा मागे. मी नाही म्हटलं. आता कामावरूनच काढतो तिले."

मारोतरावांच्या कोहक्याच्या घरी सगळे पोचताच नलू रडकुंडीला आली. "मागितला तं मागितला! नाही म्हणाले, तं पोराले ओवा देला. मी कावून चोरू?"

मारोतरावांचा मुलगा शुभंकर हथखोजच्या एका कारखान्यात बिलं करायचा. "मले नाही माहीत, ताई. मैं तो सुबह ही निकल जाता हूँ." त्याच्या अंगठ्याचं आणि बोटाचं टोक लाल झालं होतं. "चहा सांडला," म्हणत त्यानं हात खिशात घातला.

बापलेक एकमेकांकडे बघतही नव्हते. आई होती तोवर दोघांचं बोलणं तिच्यामार्फतच चालायचं.

वंदनाताई मागच्या दारी गेल्या. खरबरीत पायरीवर राखाडी पूड होती. कवचाचा तुकडा मात्र कुठंच नव्हता. शेजारच्या रिकाम्या कुंडीतली माती ओली होती.

"संपली केस!" प्रफुल्ल म्हणाला. "नलूनं उगाळून पाजला."

वंदनाताईंनी सगळ्यांना पायरीपाशी बोलावलं.

"पोटदुखीला गजग्याचा आतला गर देतात. कवच फोडून फेकतात. इथं तुकडे नाहीत, नुसती कवचाची पूड आहे. म्हणजे गजगा फोडला नाही, वरवर घासला. कशासाठी? कवच इतकं टणक, की घासून पातळ केल्याशिवाय पाणी आत शिरत नाही आणि बी रुजत नाही. घासला की गजगा तापतो, हे मारोतरावांनीच सांगितलं. चहा सांडून नेमका चिमटीलाच चटका बसत नाही, शुभंकर. आणि रिकाम्या कुंडीला कोणी पाणी घालतं का?"

शुभंकरची मान खाली गेली. "आईची वेल लावायची होती. नाही उगवली तं बाबाले काय तोंड दाखवू? म्हणून बोललो नाही."

मारोतरावांनी वाकून कुंडीतली ओली माती चाचपली. मग नलूच्या हातावर त्यांनी एक गजगा ठेवला. "चुकलं माझं, बाई. पोराले होईल. उद्या ये."

दुसरा गजगा घेऊन ते पायरीवर बसले आणि घासू लागले. चांगला तापल्यावर त्यांनी तो शुभंकरला दिला आणि मनगट पुढं केलं.

"दे. ती देत होती तसा."

शुभंकरनं गजगा टेकवला. मारोतरावांनी हात मागे घेतला नाही.