झाकणावरचे निखारे

आमराईतून धूर निघताना दिसला आणि चंपाची नजर आधी बांधाकडे गेली. बांधाला लागूनच त्यांची कडब्याची गंजी उभी होती. वैशाखाचं ऊन, त्यात सुटलेला वारा... एक ठिणगी उडाली की जनावरांच्या तोंडचा घास गेला! विहिरीवरून भरून आणलेली घागर तशीच कमरेवर घेऊन ती बांध ओलांडून धावली आणि मागचापुढचा विचार न करता सगळी घागर त्या आगीवर उपडी केली.

चर्रर्र असा आवाज झाला. राखेचा लोट उठला आणि त्या लोटातून एक तरुण खोकत खोकत बाहेर आला. भुवयांवर राख, हातात लांब चिमटा. तो रागावेल असं तिला वाटलं. त्यानं मात्र विझलेल्या निखाऱ्यांकडे पाहिलं, तिच्या रिकाम्या घागरीकडे पाहिलं आणि गंभीरपणे विचारलं,

"पाणी गाळलेलं हुतं न्हवं?"

चंपाला हसू आवरेना. म्हणजे हा आपल्याच जैन समाजातला! गाळल्याशिवाय पाणी वापरायचं नाही हे त्याच्याही घरात चालत असणार.

"गाळलेलंच हुतं," ती पदर सावरत म्हणाली. "पर गंजीच्या शेजारी इस्तू पेटवायचं कुठल्या गावाला शिकलासा?"

"बेळगावला. आणि शेजारी न्हाय, चांगलं लांब हाय. मधी खड्डाबी खणलाय, बघा की."

तिनं पाहिलं. खरंच खड्डा होता. त्यावर लोखंडी जाळी, जाळीवर काठ वळलेल्या सपाट झाकणाचं एक खोल भांडं. आणि त्या झाकणावरही निखारे होते! तेही आता काळे ठिक्कर पडले होते.

"डोक्यावर कशाला इस्तू?" तिनं विचारलं.

"आत आंबं हायती. म्हंजे... हुतं." तो हसला.

तो रायाप्पा. शेजारच्या मळ्यातल्या धोंडूबाईचा धाकटा भाऊ. बेळगावच्या कॅम्पात एका बेकरीत भट्टी सांभाळायचा आणि नानकटाई भाजायचा. आंब्याच्या दिवसांत बहिणीकडे बोरगावला आला होता. साहेब लोक खानापूरच्या रानात तंबू ठोकून राहत, तेव्हा भट्टी नसताना उघड्यावर गोड कसं भाजायचं हे तो तिथं शिकला होता. आक्काला करून घालावं म्हणून आज घाट घातला होता, आणि त्या घाटाची अशी राख झाली होती.

चंपाला फार वाईट वाटलं. तसं ती बोलली मात्र नाही. घरी आल्यावर भाकऱ्या थापताना तिचं लक्ष सारखं चुलीकडे जाऊ लागलं. जन्मभर तिनं खालून पेटणारी आगच पाहिली होती. डोक्यावर आग घेतलेलं भांडं पहिल्यांदाच पाहिलं, आणि तेही तिनंच विझवलं!

मग काय, पाणी आणायला ती रोज बांधावरूनच जाऊ लागली. वाट लांबची होती, पण तिकडे सावली होती म्हणे.

"आज घागर भरलेली हाय का रिकामी?" रायाप्पा झाडावरून विचारायचा.

"भरलेली हाय. इस्तू पेटवलासा तर बघा!"

"मग न्हाय पेटवत बाबा. एकदा भिजलोय..."

असं चालायचं. तो पाडाचा आंबा बांधावर ठेवून निघून जायचा. दुसऱ्या दिवशी त्याच जागी ती शेंगदाण्याचा लाडू ठेवायची. एकदा दोघं एकाच वेळी त्या दगडापाशी आले. ती बावरली, त्याचीही जीभ अडखळली... आणि लाडू तिच्या हातातच राहिला. त्या रात्री चंपाला कळून चुकलं की हे सावलीसाठी चाललेलं नाही.

धोंडूबाईच्या नजरेतून काय सुटतंय! तिनं सरळ चंपाच्या वडिलांपाशी, कलगोंडांपाशी गोष्ट काढली. आई गेल्यापासून त्यांनीच चंपाला वाढवलेलं. माणूस मायाळू, पण धर्माच्या नेमाला पक्का.

"पोरगा गुणाचा असंल, धोंडूबाई," ते म्हणाले. "पर कॅम्पात दिवं लावून जेवत्यात. हितं आमी दिवस मावळायच्या आत ताट धुऊन मोकळं. चार लोकांत ऱ्हाऊन त्याचा नेम टिकला असंल का? नेम मोडलेल्या घरात माझी पोर द्यायची न्हाय."

आतल्या सोप्यात चंपा धान्य निवडत होती. सूप तिच्या हातातच थांबलं. परवा रायाप्पा बेळगावला परतणार होता. एकदा का तो गेला, की आण्णा दुसरीकडे सोयरीक जुळवून मोकळे होणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. ती उठून बाहेर आली.

"आण्णा," तिनं जमिनीकडे बघत म्हटलं, "त्या दिवशी म्या त्येंचं गोड बुडवलं. उद्या त्ये परत करणार हायती. तुमी एकदा चला की... माणूस बघून तरी न्हाय म्हना."

कलगोंडा लेकीकडे बघतच राहिले. तिनं असं काही मागितल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

"दिवस मावळायच्या आत हुणार असंल तर येतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर सगळे आमराईत जमले. धोंडूबाई, कलगोंडा आणि त्यांचा शेतगडी नागोजी. चंपा भांड्यापासून हातभर अंतरावर. आभाळ भरून आलं होतं. सूर्य ढगात होता.

रायाप्पानं बाभळीचं एकेक लाकूड उचललं, दगडावर आपटलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि मगच बाजूला ठेवलं.

"ह्ये कशापायी?" नागोजीनं विचारलं.

"मुंगी-किडा असला तर पडू दे की बाहेर. त्येनं आपलं काय केलंय?"

चंपानं चटकन वडिलांकडे पाहिलं. कलगोंडांनी बसल्या जागी मांडी बदलली.

मग आंब्याच्या फोडी भांड्यात पडल्या. त्यावर गूळ, वेलदोडा. सगळ्यांत वर गव्हाच्या जाड्या पिठात तूप आणि गूळ चोळून केलेला भुगा. निखारे लाल झाल्यावर त्यानं भांडं जाळीवर ठेवलं, झाकण लावलं आणि चिमट्यानं एकेक निखारा झाकणावर मांडला. आरती ओवाळावी तितक्या हळुवारपणे.

"वर इस्तू, खाली इस्तू," चंपा पुटपुटली. "मधी बिचारा आंबा."

"बिचारा कशाला? बघा तर खरं." त्यानं निखाऱ्यांसकट झाकण जरासं उचललं.

चंपा वाकली. आत पिठाचा तो भुगा सोन्यासारखा होऊ लागला होता. कडेकडेनं आंब्याचा रस बुडबुडत वर येत होता आणि पुन्हा खाली जात होता. कुणी ढवळत नव्हतं, कुणी फुंकत नव्हतं... तरी आत सगळं आपोआप घडत होतं! देवळाच्या गाभाऱ्यात पहिल्यांदा डोकावताना जसं तिला वाटलं होतं, तसंच आता वाटलं. डोळे विस्फारून ती बघत राहिली.

झाकण बंद झालं. तिला राहवेना.

"आता कसं झालं असंल वो?"

त्यानं पुन्हा झाकण उचललं. रंग थोडा गडद झाला होता. तिनं दोन्ही हात गालांवर ठेवले. थोड्या वेळानं तिनं पुन्हा विचारलं, त्यानं पुन्हा उचललं. विचारायला तिला सबब लागत नव्हती आणि उचलायला त्याला कंटाळा येत नव्हता.

असं करता करता उजेड कमी होऊ लागला. अखेर भांडं उतरलं तेव्हा सगळी आमराई त्या वासानं भरून गेली होती. नागोजी तर आवंढे गिळत होता. धोंडूबाईनं लगबगीनं द्रोण पुढे केले.

"ढगच हायती की. दिवस मावळला का न्हाय, कुणाला ठावं? घ्या पटकनी!"

कलगोंडांनी द्रोण घेतला नाही. ते रायाप्पाकडे बघत होते. आण्णांना आज काय बघायचंय, ते चंपाला आत्ता कळलं.

रायाप्पानं आपला तळहात डोळ्यांसमोर धरला. बराच वेळ बघितलं. मग हात खाली घेतला.

"न्हाय आक्का. हातावरच्या रेषा दिसंनात. दिवस गेला." त्यानं झाकण लावलं आणि भांडं नागोजीपुढे सरकवलं. "उद्या शिळं हुईल. तुमी खावा. तुमच्यात राती खाल्लेलं चालतंय."

नागोजीनं द्रोण भरून घेतला आणि पहिला घास तोंडात घातला. त्यानं डोळेच मिटले. चंपा त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"नागूकाका, कसं लागतंय?"

"काय सांगू, बाय..." त्यानं दुसरा घास घेतला.

कलगोंडांनी घसा खाकरला. "का रं, बेकरीत काम करतोस न्हवं? झाकण उचललं की धग जाती, ह्ये तुला कळत न्हाय?"

"कळतंय, आण्णा."

"मग पोरीच्या सांगण्यावरनं सारखं उचलत का हुतास? वेळेत झालं असतं."

रायाप्पा चिमट्यानं राख उकरू लागला. चंपाला धरणी दुभंगावी असं झालं. माझ्याच उतावळेपणानं सगळं हातचं गेलं...

"झाकण उचललं की..." तो अडखळला. मग मान वर करून सरळ बोलला, "त्येंच्या तोंडाकडं बघाय मिळत हुतं. भट्टीम्होरं म्या कैक दिवस काढल्यात, आण्णा. पर त्यात एवढं बघण्यासारखं काय हाय, ह्ये मला त्येंच्या डोळ्यांत बघून कळलं. वेळ जातोय ह्ये ठावं हुतं. पर... उचलल्याबिगर ऱ्हावंना."

चंपाचे डोळे भरून आले. राख सारायला म्हणून ती वाकली, पण तिच्या हाताला काही काम सुचेना.

कलगोंडा उठले. धोतर झटकलं.

"उद्या जायाचं हाय न्हवं तुला? दुपारची गाडी धर," ते म्हणाले. "सकाळी ऊन वर आलं की परत भांडं चढीव. आणि चंपे, तू लांब बसायचं."

सकाळी आभाळ निवळलं होतं. चंपा शहाण्यासारखी लांब, आंब्याच्या बुंध्यापाशी बसली. या खेपेला कलगोंडाच जवळ होते. थोडा वेळ ते स्वस्थ बसले. मग पुढे सरकले.

"झालं असंल का रं आता?" म्हणत त्यांनीच झाकणाकडे हात नेला.

"आण्णा! धग जाती!" चंपा लांबून ओरडली. धोंडूबाई तोंडाला पदर लावून हसली आणि कलगोंडांनी ओशाळून हात मागे घेतला.

शेवटी एकदाचं झाकण उघडलं. कलगोंडा वाकून आत बघू लागले ते बघतच राहिले. लेकीचे डोळे काल का तसे झाले होते, ते बहुधा त्यांना कळलं असावं. रायाप्पानं द्रोण भरून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी घेतला नाही.

"थांब. दिवस उगवलाय का, ते बघाय पायजे."

सगळे चकित झाले. लख्ख ऊन पडलं होतं. झाडांच्या सावल्या ठळक उमटल्या होत्या.

"चंपे, हिकडं ये."

ती आली. कलगोंडांनी तिचा उजवा हात धरला, उलगडला आणि रायाप्पाच्या हातात दिला.

"माझी नजर आता अधू झालीया," काल अंधारून आलं तरी झाकणाची प्रत्येक उघडझाप टिपणारे कलगोंडा म्हणाले. "तूच बघ. हिच्या हातावरच्या रेषा दिसत्यात का, सांग."

रायाप्पा बघू लागला.

"दिसत्यात, आण्णा," तो म्हणाला. "सगळ्या दिसत्यात."

"मग जेवाय बसा," कलगोंडा म्हणाले, आणि भांड्याकडे वळले.