आईच्या बॅगेत कोण शिरलं?

"प्रवासात माणसाने स्वतःपुरतं सामान घ्यावं," बोटीच्या धक्क्यावर उभे राहून काका सांगत होते आणि स्वतःची निळी बॅग एका बोटावर झुलवत होते. कपडे घडी न घालता गुंडाळावेत, मोजे बुटांत कोंबावेत, तिकिटं आधीच काढावीत म्हणजे स्वस्त पडतात, हॉटेलात जेवण्यापेक्षा बाजारातून पाव आणि फळं आणावीत. सहल संपत आली, पण काकांच्या युक्त्या काही संपत नव्हत्या. ऐकून ऐकून सगळ्यांचे कान किटले होते.

आईचे मात्र खांदे दुखत होते. तिच्या तपकिरी बॅगेचं एक चाक पहिल्याच दिवशी निखळलं होतं. गुहा आल्या, संग्रहालय आलं, दर वेळी ती पायरीवर बसायची आणि म्हणायची, "तुम्ही जाऊन या. मी सामानाजवळ बसते." आता उरलं होतं फक्त दीपगृह. खरं तर सहलीची ही जागा तिनेच निवडली होती. नदी समुद्राला मिळते ते वरून बघायचं, असं ती वर्षभर म्हणत होती. आणि काल म्हणाली, बघू, पाय चालले तर.

खोलीवर पोचल्यावर ताईने आईची बॅग उचलायला घेतली आणि चमकली. घरून निघताना तिने ती एका हाताने उचलली होती. आता दोन्ही हात लावूनही हलेना.

"आईने काही विकत घेतलंय का रे?" तिने धाकट्या भावाला, टिल्लूला विचारलं.

"आईने? तिने दुसरा चहासुद्धा मागितला नाही."

म्हणजे चोरच, पण उलटा! नेणारा नव्हे, ठेवणारा. टिल्लूने लगेच बॅगेच्या चेनवर अंगाला लावायची पावडर भुरभुरली. जो बॅग उघडेल, त्याचं बिंग फुटणार होतं.

सकाळी चहाला सगळे दमलेल्या चेहऱ्यांनी जमले. काकांची अर्धी मिशी पांढरी झाली होती. बाबांच्या काळ्या पँटवर चार बोटं उमटली होती. ताईने विजयी मुद्रेने टिल्लूला कोपर मारलं, तर तो तिच्या बाहीकडे बघत होता. बाही पांढरी होती. अंघोळीनंतर ओला टॉवेल तिने आईच्याच बॅगेत कोंबला होता, रोजच्यासारखा, काही विचार न करता. ताईला फार लाज वाटली.

हात स्वच्छ होते ते एकट्या आईचे. ती परवाच्याच हिरव्या ड्रेसमध्ये होती. तिला तो आवडतो, असंच ताईला वाटत होतं.

आई अंघोळीला गेल्यावर दोघांनी बॅग रिकामी केली. काकांचा जाड कोट आणि जास्तीचे बूट निघाले, बुटांत मोजे नीट कोंबलेले. बाबांच्या कॅमेऱ्याचं स्टँड, ओले टॉवेल, टिल्लूचे पिशवीभर शिंपले. अगदी तळाशी आईचे दोन ड्रेस, घरी घातलेल्या घडीत, तसेच. मग ज्याचं सामान त्याच्या बॅगेत गेलं, आणि त्या दोनांतला पिवळा ड्रेस ताईने आईच्या हातात नेऊन दिला.

खोली सोडून सगळे सामानासकट बसने दीपगृहापाशी आले. फाटकावर पहारेकऱ्याने सांगितलं, सामान वर न्यायचं नाही. आई सवयीने पायरी शोधू लागली. तेवढ्यात बसमधून आपली निळी बॅग उतरवायला काकांनी बोट अडकवलं. बोट सटकलं, बॅग जागची हलली नाही.

"यात कुणी काय भरलंय?" काका ओरडले.

"तुमचंच आहे सगळं," ताई म्हणाली. "स्वतःपुरतं."

बाबांनी आपली जड झालेली बॅग चाचपली. त्यांचा चेहरा उतरला. "पोरांना दिसलं ते आपल्याला दिसलं नाही," ते काकांना म्हणाले. काकांनी मिशी पुसली आणि मुकाट्याने बॅगेवर बसकण मारली. "वहिनी, तुम्ही जा. सामानाजवळ आज मी बसतो. हुशार आहेत हो तुमची मुलं."

आई मुलांसोबत पायऱ्या सावकाश चढली, मध्ये दोनदा थांबली. वर पोचल्यावर कठड्याला टेकून तिने खाली पाहिलं. मातकट पाणी निळ्या पाण्यात मिसळत होतं. तिने दोघांच्या डोक्यांवरून हात फिरवला.

"शाबास," ती म्हणाली. "आता थोडा वेळ मला कुणी हाक मारू नका."

खाली काका पाणी कुठल्या बॅगेत आहे म्हणून ओरडून विचारत होते. टिल्लूने उत्तर द्यायला तोंड उघडलं, तसा ताईने त्यावर हात ठेवला.