भुरीचा हरवलेला नकाशा

भुरीला दिसत होतं, पोहता येत होतं, भूकही सपाटून लागत होती. तरीही तिला पाण्यातला कट्टा काही सापडत नव्हता.

भुरी ही पांढरी उंदरीण. चंद्रावरच्या शशिपूर वसाहतीतल्या प्रयोगशाळेत गोल टाकं होतं, त्यात दुधाची पूड कालवून पाणी गढूळ केलेलं. पाण्याखाली बोटभर खोल एक छोटा कट्टा दडवलेला. उंदीर पोहत पोहत तो शोधतात आणि थोड्याच दिवसांत त्याची जागा पाठ करतात. भुरीलाही ती पाठ असायची. पण ती आणि काळ्या नावाचा तिचा भाऊ यानातून अंतराळाची लांबची फेरी मारून परतले, आणि आता कालचाच कट्टा ती आज नव्याने शोधत होती.

केतकी टाक्यावर वाकून बघत होती. लवकरच तिची आई तसल्याच यानातून मंगळाकडे निघणार होती.

"दृष्टी उत्तम, स्नायू उत्तम," प्रयोगशाळेतला यंत्रमानव दक्ष म्हणाला. "अहवालात 'निरोगी' लिहू?"

"थांब जरा," केतकीची मेंदूशास्त्रज्ञ विशाखाआत्या म्हणाली. "केतकी, तुला काय वाटतं?"

"आळशी झाली असेल?"

"आळशी असती तर इतका वेळ पोहली असती का?"

केतकीने विचार केला. "मग कट्ट्यावर झेंडा लावून बघू या?"

दक्षने झेंडा लावला. एक-दोनदा चुकल्यावर भुरी सरळ झेंड्याकडे जाऊ लागली. झेंडा काढताच पुन्हा गोल गोल फिरू लागली.

"म्हणजे खूण दिसली की जमतं," केतकी हळूच म्हणाली. "पण जागा मनात राहत नाही."

"अगदी बरोबर! मेंदूत हिप्पोकॅम्पस (समुद्रघोड्यासारखा वळलेला, जागा लक्षात ठेवणारा भाग) असतो. दिवा डावीकडे, दार उजवीकडे, म्हणजे कट्टा इथे, असा नकाशा तो तयार करतो. 'झेंड्याकडे जा' एवढं शिकायला मात्र मेंदूचे दुसरे भाग पुरतात."

"आणि काळ्याला काय झालंय?"

दक्षने हात पुढे केला तोच काळ्या उसळला आणि कडकडून चावला. पण दोन्ही बाजूंना भिंत नसलेल्या उंच फळीवर, जिथे इतर उंदीर पाऊल टाकायला कचरतात, तिथे तो बिनधास्त हिंडत होता.

"चिडका, पण निडर? हे कसं?"

"त्याच्या सेप्टमला (हिप्पोकॅम्पसच्या शेजारचा, त्याला लय पुरवणारा भाग) इजा झाली असावी. लेझीम खेळताना ढोल ठेका देतो ना? ठेका चुकला की पावलं चुकतात. शिवाय दचकणं आवरण्यात नि धोक्याची भीती जागवण्यातही सेप्टमचा वाटा असतो. तो बिघडला की उंदीर स्पर्शाने भडकतो, आणि जिथे घाबरायला हवं तिथे घाबरत नाही."

मेंदूची चित्रं काढली, तेव्हा दोन्ही जखमा दिसल्या. यानाच्या पातळ भिंतीतून अंतराळातले किरण आत शिरले होते. आत्याने अहवालात लिहिलं : निरोगी नाहीत. मंगळाची मोहीम दोन वर्षं पुढे गेली.

आई प्रयोगशाळेत आली.

"किती वर्षं तयारी केली होती मी," ती म्हणाली.

"आई, तू वाट विसरली असतीस," केतकी म्हणाली. "आणि यंत्रांनी तुला निरोगीच ठरवलं असतं."

आईने भुरीकडे पाहिलं. मग तिने विचारलं, "विशाखाताई, हे किरण अडतात कशाने?"

"पाण्याने बऱ्यापैकी अडतात."

"मग पिण्याचं पाणी भिंतीतच साठवलं तर?" आईने स्टूल ओढलं आणि नवं यान रेखाटायला घेतलं.

केतकी रोज हातमोजा घालून काळ्याला हळुवार गोंजारू लागली. काही आठवड्यांनी त्याने चावणं सोडलं.

"आत्या, सेप्टम बरा झाला का गं?"

"नाही, जखम तशीच आहे. पण उरलेला मेंदू शिकतोय. तुझा हात त्याच्या ओळखीचा झालाय."

आईने रेखाटन बाजूला ठेवलं. "माझ्याकडे येईल का तो?"

केतकीने काळ्याला आईच्या तळहातावर ठेवलं. त्याने अंग चोरलं, मिशा थरथरवल्या, आणि मग तो आईचा अंगठा हुंगू लागला.