पाचशे खांब आणि एक लाल दांडा

कुलूप जागच्या जागी होतं. डबा जागच्या जागी होता. डब्यातल्या नोटा मी तीनदा मोजल्या आणि तिन्ही वेळा त्या बरोबर चोवीस हजार भरल्या. तरीही कुणीतरी माझे पैसे चोरत होतं.

हे कसं ते सांगते, पण आधी एक कबुली देऊन टाकते. मी भित्री आहे. मी झुरळाला घाबरते, लिफ्टला घाबरते, विहिरीत वाकून बघायला घाबरते. आणि पैशाची भीती तर आमच्या घराच्या छतावरच उभी आहे. तिथे वरच्या मजल्यासाठी सोडलेल्या लोखंडी सळया चार वर्षं गंजत पडल्या आहेत. बाबाने स्लॅबसाठी जमवलेले पैसे दिवाळीपर्यंत वाढतील म्हणून एका कंपनीत घातले, भाव पडला, आणि घाबरून त्याने मिळेल त्या भावाला विकून टाकलं. स्लॅब राहिला. तेव्हापासून आमच्याकडे पैसे डब्यात राहतात आणि बाबा त्यांच्याबद्दल बोलत नाही.

माझे चोवीस हजार मात्र माझे होते. चार वर्षं मी शाळेच्या हवामान केंद्रात रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापक (पडलेला पाऊस मोजायचं भांडं) वाचून नोंद केली. त्याचे महिन्याला पाचशे मिळायचे. आता २०६३ साल आहे, ते काम तीन महिन्यांपूर्वी यंत्रच करू लागलं. म्हणजे नवे पैसे येणं बंद.

मला बावीस वर्षांची झाल्यावर दक्षिण ध्रुवावरच्या हवामान मोहिमेला जायचं आहे. तिथे विद्यार्थ्याने आपला ध्रुवीय पोशाख स्वतः आणायचा असतो. आठ वर्षांची असताना मी त्याची किंमत डब्याच्या झाकणाच्या आतून लिहून ठेवली होती: चोवीस हजार. त्या रविवारी दुपारी रक्कम पूर्ण झाली म्हणून मी आनंदाने आजची किंमत पाहिली. तीस हजार तीनशे!

डबा घेऊन मी सायकलवरून थेट नानांकडे गेले.

नाना म्हणजे आईचे वडील. ते संख्याशास्त्रज्ञ (आकड्यांवरून अंदाज बांधणारे शास्त्रज्ञ) आहेत आणि गावाबाहेरच्या बंद पडलेल्या शीतगृहात त्यांची प्रयोगशाळा आहे. दारात त्यांचा यंत्रमानव टिंब उभा होता. तो माझ्या कमरेएवढा आहे आणि त्याचा आवाज एसटी स्टँडवरच्या सूचनेसारखा आहे.

"नाना, माझे पैसे कुणीतरी चोरतंय. आणि नोटा सगळ्या जागेवर आहेत!"

नाना हसले नाहीत. "चोराचं नाव महागाई (वस्तूंचे भाव वर्षागणिक वाढत जाणं). तो नोटा नेत नाही गं. नोटेत जो माल येतो ना, तो नेतो. सध्याच्या वेगानं तू बावीस वर्षांची होशील तेव्हा त्या पोशाखाला चोपन्न हजार पडतील."

"मग मी काय करू?"

"सांगून कळणार नाही. खोलीत जाशील?"

ही खोली मला माहीत होती आणि मी तिच्यात कधीच पाऊल टाकलं नव्हतं. शीतगृहाच्या पोटात ती चार माणसं उंच, विहिरीसारखी गोल आहे. तिची फरशी वर-खाली होते, तिच्यात पाणी चढतं, आणि मला पाण्याचीही भीती वाटते.

"फरशीची उंची म्हणजे तुझे पैसे," नाना म्हणाले. "पाण्याची उंची म्हणजे पोशाखाची किंमत. एक वर्ष म्हणजे दोन मिनिटं. भिंतीवर लाल दांडा आहे. तो ओढलास की खेळ थांबतो, पण त्या घडीला फरशी जिथे असेल तेवढेच पैसे घेऊन तू बाहेर येशील. दांडा ओढणं म्हणजे विकून टाकणं. आणि पाणी हनुवटीला लागलं तर टिंब सगळं बंद करतो, बुडणार नाहीस. आधी तुझा डबा बघू."

मी आत उभी राहिले. पाणी पोटरीपर्यंत होतंच, कारण चोवीसपेक्षा तीस जास्त. ते गार होतं.

"वर्ष पहिले," टिंब बाहेरून म्हणाला. "फरशी स्थिर."

फरशी खरोखर हलली नाही, जराही नाही. ते मला फार बरं वाटलं. पाणी मात्र आवाज न करता चढत राहिलं. तिसऱ्या वर्षी गुडघ्याच्या वर, पाचव्या वर्षी कमरेपर्यंत. घाबरण्यासारखं काहीच घडत नव्हतं आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटत होती. आठव्या वर्षी पाणी हनुवटीला लागलं आणि टिंबने ते सोडून दिलं. दहावं वर्ष आलंच नाही.

"डबा सुरक्षित वाटतो, कारण तो हलत नाही," नाना म्हणाले. "बँकेत मुदतीनं ठेवलेस तर फरशी जवळपास पाण्याच्या वेगानं वर जाते. जवळच्या कामाचा पैसा तिथेच ठेवावा. पण तुझ्याकडे दहा वर्षं आहेत. आता एकच कंपनी घेऊन बघू."

या वेळी माझ्या पायाखाली एकच खांब आला. एका कंपनीचा समभाग (कंपनीच्या मालकीचा छोटासा वाटा, ज्याला आपण शेअर म्हणतो). तो सरसर वर गेला. दोन वर्षांत पाणी खाली राहिलं आणि मी वेड्यासारखी ओरडले, "नाना, मी श्रीमंत झाले!" तिसऱ्या वर्षी खांबातून कड् असा आवाज आला आणि तो माझ्यासकट खाली बसला. मी गळ्यापर्यंत पाण्यात गेले. तो परत वर आलाच नाही. कंपनी बुडाली होती.

बाहेर येऊन मी रडले. बाबा आठवला.

"घरी जाते," मी म्हणाले.

"जा की," नाना म्हणाले. "पण चोर घरीच आहे."

असे आहेत आमचे नाना! मग त्यांनी मला पंचा दिला आणि शेजारी बसून नीट समजावलं. एका खांबावर उभं राहू नये, पाचशे खांबांवर पसरलेल्या फरशीवर उभं राहावं. त्यासाठी निर्देशांक फंड असतो (बाजारातल्या पुष्कळ मोठ्या कंपन्यांचा थोडा थोडा वाटा एकत्र भरलेली टोपली). त्याचा खर्चही कमी असतो. एखादा खांब मोडला तर फरशी हलते, पडत नाही.

"आणि चोवीसच्या चोवीस त्यात नाही घालायचे. चार हजार बँकेत, हाताशी. ते खोलीतल्या भिंतीच्या कोनाड्यात ठेव. कधी काय लागेल सांगता येत नाही."

वीस हजारांची फरशी आधीपेक्षा खालून सुरू झाली, पाणी गुडघ्याच्या वर. पण ती वर जाऊ लागली. डुगडुगत, कधी पाव हात खाली येत, पण वर. नानांनी बाहेरून ओरडून सांगितलं, की याला चक्रवाढ म्हणतात (वाढीवरही वाढ होणं). पहिली वर्षं ती दिसत नाही, शेवटची वर्षं तीच धावते.

"वर्ष पाचवे," टिंब म्हणाला. "मंदी."

खालून घरघर झाली आणि पाचशेच्या पाचशे खांब एकदम खाली जाऊ लागले. पाणी कमरेला, छातीला, खांद्याला. "वर्ष पाचवे. सायकल मोडली. खर्च तीन हजार." मी धडपडत कोनाड्यातले पैसे ओढले आणि दिले. फरशी अजून खालीच जात होती. नानांनी फसवलं, ही पण बुडाली, सगळं जातंय, निदान उरलंय तेवढं तरी! मी दोन्ही हातांनी लाल दांडा ओढला.

दिवे लागले. पाणी गेलं. टिंबने आकडा सांगितला, "सतरा हजार शंभर." पाच वर्षं उभी राहून मी विसाचे सतरा करून आले होते.

नाना रागावले नाहीत. "भीती वाटली?"

"हो."

"वाटायलाच हवी. जो म्हणेल की यात भीतीच नाही, पैसे हमखास दुप्पट, त्याच्यापासून आधी पळ. पण मला सांग, तुझ्या वहीत दोन वर्षांपूर्वीचा किती पाऊस आहे?"

"फार कमी. तीनशे दहा मिलिमीटर."

"मग पर्जन्यमापक फेकून दिलास?"

"असं कसं? पुढच्या वर्षी पडला ना भरपूर."

बोलता बोलता मी थांबले. एका वर्षाचा पाऊस कुणालाच सांगता येत नाही, हे मला पाठ होतं. पण पुष्कळ वर्षांचा अंदाज बांधता येतो, हेही मलाच पाठ होतं. मंदीतही लोक साबण घेतात, औषधं घेतात, बसने जातात. त्या पाचशे कंपन्यांतल्या काही मरतात, बाकीच्या काम करत राहतात.

"मग त्या वेळी हाताचं काय करायचं, नाना? हात आपोआप जातो दांड्याकडे."

"खिशात घालायचा," नाना म्हणाले. "हसू नकोस, मी तीस वर्षं हाच उपाय शोधतोय."

तेव्हा माझं दांड्याकडे नीट लक्ष गेलं. त्याचा लाल रंग मुठीएवढ्या जागी पार उडाला होता. मी तर एकदाच ओढला होता.

"हा एवढा कुणी ओढला?"

"आहे एक जण. रविवारी येतो. पहिल्या वर्षी दर वेळी ओढायचा. आता नाही ओढत." एवढंच बोलून ते चष्मा पुसत बसले.

मी चौथ्यांदा आत गेले. मंदी या वेळी सहाव्या वर्षी आली आणि पाणी खांद्यापर्यंत चढलं. मी दोन्ही हात फ्रॉकच्या खिशात कोंबले, डोळे मिटले आणि पावसाचे आकडे मोठ्याने म्हणू लागले. दात वाजत होते. किती वेळ गेला कळलं नाही. मग पाणी छातीवर आलं, कमरेवर, गुडघ्यावर. "वर्ष दहावे," टिंब म्हणाला. पाणी माझ्या तळपायांना जेमतेम लागत होतं.

"पोहोचले!"

"हजारातलं एक भविष्य पाहिलंस," नाना म्हणाले. "मी हजारही चालवून पाहिलीत. सुमारे आठशेंमध्ये पाय कोरडे राहतात. दोनशेंमध्ये नाही, काहींत तर कमरेपर्यंत पाणी उरतं. तुझं कुठलं ते मला माहीत नाही. डब्यात मात्र हजारच्या हजार वेळा बुडालीस."

मी चिंब भिजून कुडकुडत उभी होते, तेवढ्यात दार वाजलं. बाबा होता. रविवारी चारला तो सोसायटीच्या मीटिंगला जातो, निदान आम्हाला तसं सांगतो. त्याच्या पिशवीतून पंचा आणि कोरडा लेंगा डोकावत होता.

मी त्या पंच्याकडे बोट दाखवलं.

"मीटिंग इथे असते होय?" मी विचारलं.

"या जावईबापू," नाना म्हणाले. "आज पाण्यात नका जाऊ. आज खरं काम आहे. पोरीचं खातं उघडायचं. अठरा वर्षांखाली पालकाचा अंगठा लागतो."

मी बाबाला सगळं सांगितलं. चार हजार बँकेत. वीस हजार फंडात, तेही एकदम नाही, महिन्याला दोन हजार, तोवर बाकीचे बँकेत, म्हणजे चुकून नेमक्या महाग दिवशी सगळे जाणार नाहीत. दहा वर्षं हात लावायचा नाही. बाबा ऐकत होता. त्याचे दोन्ही हात पँटच्या खिशात होते.

"शाल्मली," तो हळू आवाजात म्हणाला, "मी चुकलो होतो. चार महिन्यांत लागणारा पैसा घातला, एकाच जागी घातला आणि घाबरून विकला. आता मी इथे दांडा ओढत नाही. शिकलो ते. पण बाहेर गेल्यावर हात खिशातून निघतच नाही गं. चार वर्षं काही केलंच नाही मी. तुझे पैसे बुडाले तर?"

"बुडतीलही थोडे," मी म्हणाले. "मला पण भीती वाटते, बाबा. पण डब्यात तर ते रोज बुडतायत. तू हात काढ. नंतर दोघंही खिशात घालू."

टिंबने अंगठ्याची काचपट्टी पुढे धरली आणि एसटी स्टँडच्या आवाजात म्हणाला, "प्रतीक्षेत."

बाबाने खिशातून हात काढला. त्याने अंगठा टेकवला.

पट्टी हिरवी झाली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नानांनी फक्त चहाचं आधण ठेवलं. पट्टीवरचा फंडाच्या भावाचा काटा लगेच किंचित खाली सरकला, आणि बाबाने आणि मी एकदमच हात खिशात घातले.

त्याला आता तीन महिने झाले. मी अजून भित्री आहे. मागच्या आठवड्यात फरशी थोडी बसली, तेव्हा मी रात्रभर कूस बदलत होते. पण झाकणाच्या आत मी नवा आकडा लिहिला आहे, चोपन्न हजार, आणि त्याखाली साल, २०७३. डब्यात आता फक्त पावसाची वही असते.

आणि काल शाळेतून आले तर बाबा छतावर होता. पॉलिश पेपरने सळया घासून तो त्यांना गंज न लागणारा रंग देत होता.

"कशाला?" मी खालून विचारलं.

"लागतील," बाबा म्हणाला. "वेळ आहे अजून. पण लागतील."